कम्प्युटरमधले व्याही

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. कूलरच्या टाकीत तळाशी माती साचते ना, तसे. उन्हाळा संपल्यावर टाकी उपडी केली की कळतं, अरेच्चा, एवढी! परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय हो ताई, रविवारी तुमच्या क्लासला सुटी असते, मग आतून 'मारा, मारा' असा आवाज कसला येतो?" मी सांगायला बसले. त्यांच्या गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी त्या उठल्या नाहीत.

आधी माणसं सांगते. जळगावात माझा कम्प्युटर क्लास आहे. टायपिंग, टॅली, हे आपलं नेहमीचं. रविवारी सकाळी मशीनं रिकामी असतात, म्हणून आमची चौकडी तिथे जमते. पाटील सर पाचोऱ्याच्या शाळेत इतिहास शिकवतात, रविवारी गाडीने इकडे येतात. सलीमभाईंचं क्लासच्या खालीच कापडाचं दुकान. ते मूळचे धुळ्याचे, म्हणजे माझ्या माहेरचे. म्हणून मला हक्काने 'बहन' म्हणतात आणि हक्काने रागावतात. तिसरे नाना. चाळीसगावकडच्या खेड्यातले, पण सगळी नोकरी वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत. आयुष्यभर काडतुसं बनवली, एकही उडवलं नाही. बायको गेल्यापासून जळगावच्या घरात एकटे राहतात. आणि चौथी मी.

आम्ही खेळतो एक युद्धाचा गेम. सरांनी वर्गात दाखवायला म्हणून आणला होता, मुलांपेक्षा आम्हालाच त्याचा नाद लागला. जुना काळ, किल्ले, तोफा, घोडदळ. आपण एक राजा आणि समोर कम्प्युटर हा दुसरा राजा. शत्रूचा एकही माणूस नकाशावर उरला नाही की नगारे वाजतात आणि सोनेरी पाटी येते, आपण जिंकलो! त्याआधी नाही.

ही पाटी सरांना आली, सलीमभाईंना आली, मला तर फोनवर भाजीवाल्याशी बोलता बोलता आली. नानांना कधीच आली नाही.

आणि नेमकी त्यांनाच यायला हवी होती. कारण नानांचा मुलगा संदीप पुण्यात असतो. "नाना, आता एकटं राहू नका, इकडे या," हा त्याचा धोशा. नानांचं अहिराणीतलं उत्तर ठरलेलं. "एकदाव याले हरावू दे, मंग येसू!" 'याले' म्हणजे कम्प्युटरला. संदीपला आधी गंमत वाटली. मग तो दर रविवारी फोन करून विचारायला लागला, "झाला का गेम?"

*

कम्प्युटरला 'व्याही' हे नाव नानांनीच दिलं. पहिल्याच दिवशी पडद्याच्या टोकाला शत्रूचं सैन्य दिसलं. पुढे झेंडे, मागे हत्ती, त्यामागे पायी माणसं, आणि सगळ्यांच्या मागे रिकाम्या गाड्या.

नाना म्हणाले, "हाई फौज नही. व्याही ई राह्यनात! पन्नास सांगेल व्हतात, तीनशे लई उनात!"

तेव्हापासून कोणी 'शत्रू' म्हटलं नाही. व्याही आले, व्याही रुसले, व्याही माघारी गेले. नानांचे खरे व्याही पुण्यात असतात, संदीपचे सासरे. भला माणूस आहे. त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलेलं आहे.

*

व्याह्यांची पहिली खोड सलीमभाईंनी पकडली. एकच घोडेस्वार व्याह्यांच्या किल्ल्याजवळून नुसता हिंडवायचा. बस! किल्ल्यातलं सगळं सैन्य दार उघडं टाकून त्याच्या मागे धावतं. सेनापती, हत्ती, तोफा, सगळे!

सलीमभाईंनी आपला स्वार एका तळ्याभोवती गोल फिरत ठेवला आणि ते खाली दुकानात गेले. गिऱ्हाईक चिकट निघालं. चार साड्या उघडून, एकही न घेता गेलं. सलीमभाई वर आले, तर इकडे अजून तळ्याभोवती वरात सुरूच! पुढे एक घोडा, मागे अख्खं साम्राज्य.

"एक बकरी के पीछे पूरा गाव!" सलीमभाई म्हणाले आणि रिकाम्या किल्ल्यात चालत गेले, मग मागून वरातही कापून काढली. नगारे वाजले.

"नाना, तुम्हीपण हेच करा. आजच पाटी येईल," सर म्हणाले.

नानांनी जोरात मान हलवली. "मना घोडावालाले काय सांगू? तू मर, मी किल्ला लेस?"

"अहो, तो मरत नाही! नुसता फिरतो!"

"चक्कर ई पडना म्हंजे?"

त्या दिवशी नाना समोरासमोर लढले आणि रीतसर हरले. संदीपचा फोन आला. "अजून नाही रे भो," नाना म्हणाले आणि माझ्याकडे बघून केळीच्या वेफर्सची पिशवी पुढे केली.

*

एका नकाशावर समुद्रच नव्हता. सगळीकडे जमीन, मध्ये आपल्या मेहरूणएवढा एक तलाव. व्याह्यांनी त्या तलावात लढाऊ जहाजं बांधायला घेतली! एक झालं की दुसरं. शेवटी तलावात पाणी दिसेना. जहाजाला जहाज घासत होतं आणि किनाऱ्यावर सुतार नवीन जहाजाला फळ्या ठोकतच होते.

पाटील सर संतापले. इतिहासाचा माणूस! "असं जगात कुठल्याही राजाने केलेलं नाही! आरमार कशाला? कोणाशी लढणार? बेडकांशी?"

नाना शांतपणे बघत होते. म्हणाले, "बठ्ठासले काम भेटी राह्यनं ना सर! तुमनं काय जाई राह्यनं?" 'बठ्ठासले' म्हणजे सगळ्यांना.

"पण उपयोग काय त्याचा?"

"आम्ही काडतुसं बनवायचो," नाना सरांसाठी शुद्ध मराठीवर आले, "तेव्हा कोणी विचारलं नाही, कुठे जाणार म्हणून. सायरन झाला की डबा खायचा. बांधू द्या त्यांना."

सरांनी तलाव सोडून बाकीचा नकाशा जिंकला. जहाजं शेवटपर्यंत तिथेच होती.

*

फॅक्टरी नानांच्या हाडात मुरली आहे, याचा त्रास त्यांच्या सैन्याला होतो. आम्ही सगळे दारूगोळ्याचं कोठार तोफांना लागून बांधतो. गोळा लवकर मिळतो, साधा हिशोब. नाना कोठार बांधतात नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला!

"दारू आणि चूल यांच्यात अंतर पाहिजे म्हणजे पाहिजे. तिथे तडजोड नाही."

"नाना, हा गेम आहे. चूल कुठे आहे इथे?"

नानांनी पडद्यावर बोट ठेवलं. खरंच, तोफांच्या शेजारच्या एका घरातून बारीकसा धूर निघत होता. चित्र काढणाऱ्यालाही आठवत नसेल तो धूर!

त्यामुळे होतं काय, नानांच्या तोफा सुसज्ज, तोपची तयार आणि गोळे वाटेत. बैलगाडी येते आहे, येते आहे, तोवर व्याही जेवूनखाऊन, किल्ला घेऊन मोकळे.

पण एकदा गंमत झाली. व्याही कधी कधी हल्ल्याआधी कोठार शोधून पेटवतात, हीही त्यांची एक पद्धत. ते कोठार फक्त किल्ल्याच्या आसपासच शोधतात, शहाण्या माणसाने जिथे बांधलं असतं तिथेच. त्या दिवशी मशाली घेतलेले व्याह्यांचे स्वार नानांच्या किल्ल्याभोवती वेड्यासारखे फिरत राहिले. कोठार सापडेना, म्हणून पुढचा हुकूम नाही, म्हणून हल्ला नाही! मशाली विझल्या, व्याही परत गेले.

"बघा! सेफ्टी!" नाना म्हणाले. हा त्यांच्या हयातीतला सगळ्यात मोठा विजय. पण पाटी काही आली नाही.

*

मे महिना. बाहेर रस्ता वितळतोय, आत कूलर नुसतीच गरम हवा फेकतोय. गेममध्येही उन्हाळा सुरू. मध्ये रेताड पठार, पलीकडे व्याही. आणि भर दुपारी व्याह्यांनी कूच केलं! पाण्याची एक पखाल नाही, सावली नाही. पठार ओलांडेपर्यंत सैन्य निम्मं झालं आणि आमच्या वेशीजवळ पोचेपर्यंत सेनापती आणि दोन हत्ती उरले.

लढाई झालीच नाही. सलीमभाईंना वाईट वाटलं. "अरे, छाछ पिलाओ बेचारों को!"

नाना हळहळले. "जळगावचा एक जरी माणूस असता ना त्यांच्याकडे, संध्याकाळी निघाले असते."

*

आता तहाची खोड सांगते. गेममध्ये तहाची एक खिडकी आहे. तिथून व्याह्यांना भेट पाठवता येते. धान्य, लाकूड, गाडी, बैल, सगळं वेगवेगळं. भेट गेली की व्याही खूश, नाही गेली की फौज दारात. पण भेट केवढी आहे, याचं त्यांना भानच नाही! सरांनी एकदा भरलेला किल्ला दिला, तर 'मैत्री वाढली'. सलीमभाईंनी एक पोतं ज्वारी दिली, तरी 'मैत्री वाढली'. तेवढीच!

"बहन, ये तो मेरे साले से भी सीधा है!" सलीमभाई खूश.

एकदा घाईत त्यांनी धान्याची गाडी दिली, पण बैल द्यायचे राहिले. गाडी आमच्या वेशीवर जी उभी राहिली, ती खेळ संपेपर्यंत तिथेच. व्याह्यांना त्यातला दाणा मिळाला नाही. तरी त्यांचा खलिता आला, 'आपल्या उदार भेटीबद्दल आभार'!

आम्ही हसून हसून लोळलो. नाना तेवढे हसले नाहीत.

"आसं नही करो सलीमभाई. व्याही शेत ना ते." 'शेत' म्हणजे आहेत.

*

एके दिवशी संदीपने मला फोन केला, नानांना न सांगता. "ताई, एक मदत करा. मागच्या महिन्यात त्यांना घरात चक्कर आली होती. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. मला इथे झोप लागत नाही. तुम्ही गुपचूप लेव्हल कमी करा ना. एकदा जिंकू द्या त्यांना."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्याचं काही चुकत नव्हतं. पण खरं सांगते, मला नाना जायला नको होते. त्यांच्यासाठी वेगळी ठेवलेली खुर्ची, तिच्यावरची ती चौकोनी उशी, हे रिकामं कसं बघायचं? सरांना आणि सलीमभाईंना सांगितलं. सलीमभाई म्हणाले, "करना तो पड़ेगा." आणि दिवसभर दुकानात कोणाशी धड बोलले नाहीत.

रविवारी मी लेव्हल सगळ्यात खाली आणली. त्या लेव्हलला व्याही काही म्हणजे काही करत नाहीत. हल्ला नाही, तटबंदी नाही. आपापल्या अंगणात उभे. नुसतं चालत जायचं आणि जिंकायचं.

नाना गेले नाहीत!

तेही आपल्या अंगणात सैन्य घेऊन उभे राहिले. इकडे नाना उभे, तिकडे व्याही उभे. आम्ही चहा प्यायलो, भरीत-भाकरीचे डबे उघडले, जेवलो. सरांची पाचोऱ्याला जायची वेळ झाली. पडद्यावर एक पान हललं नव्हतं.

"नाना, जा ना पुढे!" सर काकुळतीला आले.

"नही. पाव्हनानी आधी येवो, हाई रीत शे." मग जरा थांबून म्हणाले, "व्याही आज लाजी राह्यनात."

निघताना त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मी कीबोर्ड पुसायला घेतला.

*

शेवटी संदीप स्वतःच आला. पुण्याहून गाडी घेऊन, रविवारी सकाळी थेट क्लासवर. चांगला मुलगा आहे हो. सगळ्यांच्या पाया पडला, सलीमभाईंसाठी बाकरवडी आणली. मग स्टूल ओढून नानांच्या शेजारी बसला.

"नाना, घरी खोली रंगवून तयार आहे. नातवंडं वाट बघतायत. आज मी शेजारी बसतो. तुम्ही जिंका, मग आपण निघू."

नानांनी चष्मा पुसला आणि ते खेळायला लागले.

आणि काय खेळले! आम्ही तिघं तोंड उघडं टाकून बघत राहिलो. कोठार तोफांना लागून बांधलं. एक पोतं ज्वारी पाठवून व्याह्यांना गप्प केलं. उन्हाळा लागेपर्यंत थांबले आणि पठाराच्या पलीकडे स्वतःचा झेंडा नुसता दाखवला. व्याही भर दुपारी निघाले आणि निम्मे संपले. उरलेल्यांपुढून एक घोडेस्वार सोडला. तळ्याभोवती वरात सुरू! किल्ल्याचं दार उघडं. नाना आत.

एवढ्या दिवसांत जे जे 'नही' म्हणाले होते, ते सगळं त्यांना येत होतं. आमच्यापेक्षा बरं येत होतं. सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी सरांकडे, सरांनी खिडकीबाहेर.

किल्ला पडला. हत्ती पडले. तळ्याभोवतीची वरात कापून काढली. नकाशा साफ झाला.

नगारे वाजले नाहीत.

"अरे, पाटी का येत नाही?" संदीप पडद्याकडे वाकला.

"कोणीतरी राहिलाय," मी म्हटलं.

मग शोधाशोध. डोंगर बघितले, जंगलं बघितली. शेवटी नकाशाच्या पार कोपऱ्यात तो सापडला. व्याह्यांचा एक लाकूडतोड्या. ही त्यांची शेवटची खोड. राज्य गेलं, राजा गेला, तरी शेवटच्या माणसाला पळून जा असं कोणी सांगत नाही. त्याला झाड तोडायला सांगितलेलं, तो झाड तोडतोय. एक घाव, मग दुसरा घाव. मागे त्याचं घर जळून गेलेलं.

"चला, हा एकच!" संदीपच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "नाना, स्वार पाठवा आणि संपवा."

नानांचा हात माउसवर होता. स्वार लाकूडतोड्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. लाकूडतोड्याने मान वर केली नाही. कूलरचा तेवढा आवाज. मला कळत नव्हतं की आपण देवाकडे काय मागतोय.

नानांनी तहाची खिडकी उघडली. धान्यावर क्लिक केलं. गाडीवर क्लिक केलं. बैलांवर क्लिक केलं. पाठवलं.

गाडी हळूहळू नकाशा ओलांडून कोपऱ्यात पोचली. लाकूडतोड्याने कुऱ्हाड खाली ठेवली आणि जळलेल्या जागेवर नव्या घराचा पहिला खांब रोवला.

"नाना, हे काय केलंत?" संदीप म्हणाला. "आता तो घर बांधेल, मग माणसं येतील, मग किल्ला... हा गेम महिनोन्महिने संपणार नाही!"

"मंग?" नाना म्हणाले. पडद्यावरची नजर त्यांनी काढली नाही. "एकटा शे तो."

संदीप त्या कोपऱ्याकडे बघत राहिला. दुसरा खांब उभा राहिला, तिसरा राहिला. मग त्याने हात पुढे केला आणि नानांच्या हाताखालून माउस काढून घेतला. सलीमभाई खुर्चीतून अर्धे उठले.

संदीपने तहाची खिडकी उघडली. धान्यावर क्लिक केलं. गाडीवर क्लिक केलं. आणि पाठवायच्या बटणाकडे बाण नेला.

"अरे भो," नाना त्याच्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "बैल बी दे ना! बिगर बैलनी गाडी कशी जाई?"